व्हीपीएन एक्स्टेंशन ‘सगळा डेटा वाचण्याची’ परवानगी का मागतं, आणि ती द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला गंगापूर रोडच्या तुमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात एका डच आयातदाराचं पोर्टल उघडत नव्हतं, म्हणून तुम्ही क्रोममध्ये एक फुकटचं व्हीपीएन एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं, तुमची ये-जा दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरून वळवणारं छोटं साधन) टाकलं. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी त्यानं मागितली. लाखो लोक ते वापरतात, क्रोमच्या एक्स्टेंशन स्टोअरचा शिफारशीचा बिल्लाही आहे, म्हणून तुम्ही होकार दिला. आता मालक म्हणतात, हे काढा, व्हीपीएन बेकायदा असतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, सगळीच व्हीपीएन एक्स्टेंशनं ही परवानगी मागतात, घाबरण्यासारखं काही नाही. खरं कोणाचं?

मालकांचा निर्णय बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. सहकाऱ्याचं विधान बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. सातपूर-अंबडचे लहान कारखाने, सीए आणि निर्यातदारांची ऑफिसं यांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे हा वाद माझ्यासमोर नेहमी येतो, आणि दोन्ही बाजू अर्ध्या माहितीवर भांडत असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सहकाऱ्याचं म्हणणं घेऊ. व्हीपीएन एक्स्टेंशन म्हणजे खरं तर प्रॉक्सी (तुमच्या आणि साइटच्या मधला सर्व्हर) बदलणारं एक साधन. ब्राउझरमधून निघणारी प्रत्येक मागणी ते आपल्या सर्व्हरकडे वळवतं आणि तिथून पुढे पाठवतं. क्रोममध्ये प्रॉक्सी बदलायची एवढी एकच परवानगी एखाद्यानं मागितली, तरी समोर येणारी ओळ तीच असते: सर्व वेबसाइटवरील सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. त्यापुढची अडचण अशी की बऱ्याच सेवांचा प्रॉक्सी सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारतो. तो आपोआप भरण्याची सोय क्रोममध्ये आहे, पण ती वापरायची तर तुम्ही उघडत असलेल्या साइटवर त्या एक्स्टेंशनला परवानगी असावी लागते. आणि तुम्ही कोणती साइट उघडाल हे आधी माहीत नसतं, म्हणून सगळ्याच साइट्सची परवानगी मागावी लागते. एखाद्या प्रामाणिक कंपनीनं नेमकं आणि स्वच्छ काम केलं, तरी तिलाही हे टाळता येत नाही.

म्हणजे ती ओळ प्रामाणिकालाही दिसते आणि चोरालाही दिसते. तुमचा सहकारी इथपर्यंत बरोबर आहे. चूक यानंतर होते. सगळेच मागतात म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. उलट, या ओळीकडे पाहून काहीच ठरवता येत नाही आणि दुसऱ्या कुठल्या तरी खुणेवरून ठरवावं लागतं, असा त्याचा अर्थ आहे. त्या खुणा पुढे सांगतो. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते.

लोकांना वाटतं, व्हीपीएनचं पूर्ण ॲप कॉम्प्युटरमध्ये टाकणं म्हणजे मोठा धोका आणि एक्स्टेंशन म्हणजे छोटं, हलकं, म्हणून कमी धोक्याचं. माहिती वाचण्याच्या बाबतीत गोष्ट बरीचशी उलटी आहे. आज जवळपास सगळ्या कामाच्या साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर, चालतात. तुमच्या कामातलंच उदाहरण घ्या: पॅकहाऊसमध्ये सील झालेली पेटी कंटेनरमधून जाते तेव्हा गाडीवाल्याला पेटीवरचा पत्ता दिसतो, आतला माल दिसत नाही, पण पॅकिंगच्या टेबलाशी उभा असलेला माणूस पेटी बंद होण्याआधी प्रत्येक घड पाहू शकतो आणि बदलूही शकतो. व्हीपीएनचा सर्व्हर हा गाडीवाला. कोणत्या साइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ, किती डेटा आला-गेला, हे त्याला कळतं. तेवढंही कमी नाही, पण पानावरचा मजकूर त्याला दिसत नाही. सगळ्या साइट्सची परवानगी असलेलं एक्स्टेंशन मात्र टेबलाशी असतं. ते ब्राउझरच्या आत, कुलूप उघडल्यानंतरच्या जागी काम करतं. पानावर आलेला मजकूर, तुम्ही रकान्यात टाइप करत असलेला पासवर्ड, उघडलेल्या मेलमधला इनव्हॉइस, बँकेचं स्टेटमेंट, हे सगळं वाचण्याची क्षमता त्याच्याकडे असते. प्रत्येक एक्स्टेंशन वाचतं असं मी म्हणत नाही. वाचू शकतं, आणि वाचलं तर तुम्हाला काही कळणार नाही.

‘आणि बदलणे’ हे शब्दही तेवढ्याच गांभीर्यानं घ्या. पानावर दिसणारा आकडा बदलणं एक्स्टेंशनला अगदी सोपं आहे. वेबमेलमध्ये उघडलेल्या इनव्हॉइसवरचा खाते क्रमांक तुमच्या डोळ्यांसमोर वेगळा दिसू शकतो, आणि सर्व्हरवर मूळ मेल जशीच्या तशी असते. निर्यातीच्या धंद्यात जानेवारी ते एप्रिल रोज पैशाचे मेल येतात-जातात. त्या दिवसांत ही क्षमता कोणा अनोळखी माणसाच्या हातात असणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

परवानगीची चौकट दाखवते त्यापेक्षा जास्त लपवते, हेही लक्षात असू द्या. क्रोम परवानग्या एकत्र करून दाखवतो. सगळ्या साइट्सची मोठी ओळ आली की उघडे टॅब आणि त्यांचे पत्ते पाहण्याची छोटी ओळ तिच्यातच गडप होते, वेगळी दिसत नाही. कुकीज वाचण्याच्या आणि पानात स्वतःची स्क्रिप्ट (छोटा कोड) घालण्याच्या परवानगीला तर स्वतंत्र इशाराच नाही. कुकी म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आणि लॉगिन झाल्यावर तुम्हाला ओळखणारी खूण तिच्यात असते. ती खूण कोणाच्या हाती लागली तर पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताही बऱ्याच साइट्सवर तो तुमच्या नावानं आत जाऊ शकतो. म्हणजे एकच ओळ वाचून तुम्ही दिलेला होकार प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या अधिकारांना दिलेला असतो.

आणि तो कायमचा असतो. एक्स्टेंशनं स्वतःहून अपडेट होतात, तुम्हाला न विचारता. नव्या आवृत्तीला वाढीव इशारा लागणारी परवानगी हवी असेल तर क्रोम ते एक्स्टेंशन थांबवतो आणि पुन्हा विचारतो, ही व्यवस्था चांगली आहे. पण सगळ्या साइट्सची परवानगी आधीच दिलेली असेल तर वाढवायला उरतं काय? उद्याच्या आवृत्तीत कोडचा पूर्ण उद्देश बदलला तरी विचारण्याची वेळ येत नाही. विकसकानं एक्स्टेंशन दुसऱ्याला विकलं तरी तुम्हाला कळवण्याचं बंधन व्यवहारात कुठे दिसत नाही. म्हणून आज कोड तपासून ‘स्वच्छ आहे’ असं कोणी सांगितलं, तर ते आजपुरतंच खरं.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर घडलेल्या गोष्टी सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोई सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी ‘फ्री व्हीपीएन डॉट वन’ नावाच्या क्रोम एक्स्टेंशनबद्दल अहवाल दिला. एक लाखावर लोकांनी ते टाकलेलं होतं आणि स्टोअरमध्ये त्याला बिल्ला होता. तुम्ही कोणतंही पान उघडलं की सुमारे सेकंदभरात ते त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून आपल्या सर्व्हरला पाठवत होतं. बँकेचं पान असो, मेल असो, खासगी फोटो असो. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. बराच काळ ते साधं व्हीपीएन होतं, मग एका अपडेटमध्ये सगळ्या साइट्सची परवानगी आली, आणि स्क्रीनशॉट त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाले. वर सांगितलेली अपडेटची फट नेमकी अशी वापरली जाते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच संस्थेनं ‘अर्बन व्हीपीएन प्रॉक्सी’चं प्रकरण मांडलं. क्रोमवर त्याचे वापरकर्ते साठ लाखांच्या घरात होते, आणि त्यालाही ‘फीचर्ड’ बिल्ला होता. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड अशा एआय साइट्सवर लोक जे लिहीत होते आणि जे उत्तर येत होतं, ते जुलै २०२५ पासूनच्या आवृत्त्या उचलून पाठवत होत्या. व्हीपीएन बंद ठेवलं तरी हे चालूच राहायचं. एक्स्टेंशन काढून टाकणं हाच थांबवण्याचा मार्ग होता. आणि हे सगळं त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीच्या लांबलचक मजकुरात लिहिलेलं होतं. आज किती ऑफिसांत परदेशी ग्राहकाला पाठवायची पत्रं चॅटजीपीटीकडून नीट करून घेतात, ते मी पाहतो. दर, पेमेंटच्या अटी, मालाबद्दलची तक्रार, सगळं त्या खिडकीत पेस्ट केलेलं असतं.

जुनी उदाहरणंही विसरण्यासारखी नाहीत. २०१५ मध्ये ‘होला’ या फुकट व्हीपीएनबद्दल उघड झालं की फुकट वापरणाऱ्यांचंच इंटरनेट कनेक्शन बाहेर पडण्याचा रस्ता म्हणून वापरलं जात होतं आणि ‘ल्युमिनाटी’ या नावानं ते इतर कंपन्यांना विकलं जात होतं. म्हणजे तुमच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर तुमचं कनेक्शन ओळखणारा क्रमांक) तिसराच कोणी काहीतरी करणार, आणि चौकशी आलीच तर ती तुमच्या दाराशी. अव्हास्टचं प्रकरण व्हीपीएनचं नाही, पण जास्त बोलकं आहे. सुरक्षा देणाऱ्या त्या नामांकित कंपनीनं आपल्या ब्राउझर एक्स्टेंशन आणि अँटिव्हायरसमधून लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा केली आणि ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत ती विकली. जानेवारी २०२० मध्ये ते बाहेर आल्यावर जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

या सगळ्यांच्या मागे एकच हिशोब आहे. जगभर सर्व्हर चालवायला, बँडविड्थ विकत घ्यायला दर महिन्याला खरा पैसा लागतो. लाखो लोकांना ते फुकट देणारा माणूस तो पैसा कुठून तरी आणतो. काही जणांचं उत्तर समजण्यासारखं असतं: पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर थोडे फुकट ग्राहक पोसायचे, त्यांना कमी देश आणि कमी वेग द्यायचा, पुढे त्यातले काही पैसे देतील ही आशा. प्रोटॉन व्हीपीएनची फुकट योजना या प्रकारची आहे. जिथे पैसे देण्याची योजनाच कुठे दिसत नाही, जाहिरातही नाही, मर्यादाही नाही, तिथे पैसे तुमच्या माहितीतून येतायत असं धरून चाला. हा माझा ठाम नियम आहे आणि मी तो कोणासाठी सैल करत नाही.

चांगल्या कंपनीलाही धोका नसतोच असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळच्या सुट्टीत, ‘सायबरहेवन’ या सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवा मेल पाठवून तिच्या क्रोम एक्स्टेंशनचा ताबा घेतला गेला आणि बिघडवलेली आवृत्ती सुमारे चार लाख वापरकर्त्यांपर्यंत पोचवण्याचा रस्ता उघडा झाला. त्याच मोहिमेत इतर कितीतरी एक्स्टेंशनं सापडली, त्यात काही व्हीपीएनचीही होती. इथे कंपनीची नियत साफ होती. तरीही कुकीज चोरीला जाण्याची वेळ आली, कारण एक्स्टेंशनच्या हातात अधिकारच तेवढे होते. म्हणून कंपनी कितीही चांगली असली तरी मी कामाच्या ब्राउझरमध्ये व्हीपीएन एक्स्टेंशन राहू देत नाही.

आता खुणा. बिल्ला आणि वापरकर्त्यांची संख्या यांवर विसंबू नका, ‘फ्री व्हीपीएन डॉट वन’ आणि ‘अर्बन व्हीपीएन’ ही वरची दोन्ही उदाहरणं त्यासाठी पुरेशी आहेत. स्टोअरच्या पानावर ‘प्रायव्हसी’चा भाग असतो, तिथे विकसकानं स्वतः भरलेली माहिती असते. गुगलच्या धोरणानुसार वापरकर्त्यांची माहिती विकणं चालत नाही, पण तो रकाना म्हणजे विकसकाचं स्वतःचं निवेदन आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. तिथे ‘वेबसाइटचा मजकूर’ किंवा ‘ब्राउझिंगची हिस्टरी’ गोळा करतो असं लिहिलं असेल, तर व्हीपीएनला त्याची गरज काय, असा प्रश्न विचारा. त्याचं पटणारं उत्तर सहसा सापडत नाही.

त्यानंतर कंपनी कोण आहे ते पाहा. पत्ता, देश, मालकी, संपर्क हे वेबसाइटवर सरळ सापडतं का? बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेलं ऑडिट पूर्ण वाचायला मिळतं का, की नुसतं ‘नो लॉग्ज’ (वापराच्या नोंदी ठेवत नाही) असं मोठ्या अक्षरात लिहिलंय? लॉग ठेवत नाही हा दावा कधी कधी प्रत्यक्ष कसोटीला लागतो. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या ऑफिसवर झडतीचं वॉरंट आणलं होतं. ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्यानं त्यांना रिकाम्या हातानं जावं लागलं. असा पुरावा जाहिरातीपेक्षा कितीतरी मोलाचा.

थोडं तांत्रिक पाहण्याची तयारी असेल तर प्रत्येक एक्स्टेंशनमध्ये ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक मजकूर फाइल असते. क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ‘एक्स्टेंशन्स’च्या आत ती मिळते, नोटपॅडमध्ये उघडते. परवानग्यांच्या यादीत प्रॉक्सी, स्टोरेज, वेब-रिक्वेस्ट आणि प्रायव्हसी एवढं दिसलं तर समजण्यासारखं आहे. शेवटची परवानगी व्हिडिओ कॉलच्या वेबआरटीसी यंत्रणेतून खरा आयपी पत्ता गळू नये म्हणून मागतात. त्या यादीत कुकीज, स्क्रिप्टिंग, हिस्टरी असेल, किंवा इतर एक्स्टेंशनं हाताळण्याची मॅनेजमेंट परवानगी असेल, तर मी ते तिथेच सोडतो. प्रत्येक पानावर चालणारी कंटेंट स्क्रिप्ट नोंदवलेली असेल तरी तेच. देश बदलायला एवढ्या गोष्टी लागत नाहीत.

मोझिलाचा फायरफॉक्स ब्राउझर या बाबतीत थोडा जास्त सरळ आहे. तिथे प्रॉक्सीवरच्या नियंत्रणाची ओळ वेगळी आणि सर्व साइट्सवरच्या डेटाची ओळ वेगळी दिसते. ‘रेकमेंडेड’ म्हणून निवडलेली एक्स्टेंशनं मोझिलाची माणसं तपासतात. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या एक्स्टेंशनना कोणती माहिती गोळा करतात हे मॅनिफेस्टमध्येच जाहीर करावं लागतं, आणि ते टाकताना दिसतं. व्हीपीएन एक्स्टेंशन लागणारच असेल तर ते क्रोममध्ये टाकण्यापेक्षा वेगळ्या फायरफॉक्समध्ये टाका, असं मी सुचवतो.

पण लागतंच का? कॉलेज रोडच्या कॅफेत बसून काम करणाऱ्या मुलामुलींना वाटतं की वायफाय सार्वजनिक आहे म्हणून व्हीपीएन हवंच. एचटीटीपीएसमुळे त्यातला बराच धोका आता उरलेला नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा’ आणि ‘सुरक्षित डीएनएस’ चालू करा, ब्राउझर अद्ययावत ठेवा, सर्टिफिकेटचा इशारा आला तर पुढे जाऊ नका. एवढ्यानं जे मिळतं, ते कोणा अनोळखी फुकट एक्स्टेंशनच्या हवाली होऊन मिळणाऱ्या सुरक्षेपेक्षा जास्त आहे. शिवाय एक्स्टेंशन फक्त ब्राउझरमधली वाहतूक वळवतं. त्याच कॉम्प्युटरवरचं टॅली, आउटलुक, व्हॉट्सॲप नेहमीच्याच रस्त्यानं जात राहतं. आणि गुगलला तुम्ही तुमच्या खात्यानं लॉगिन केलेलं असेल तर देश बदलून तुमची ओळख लपत नाही.

ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी वेगळं क्रोम प्रोफाइल हा सोपा उपाय. उजवीकडे वर तुमचं चित्र असतं, तिथून नवीन प्रोफाइल बनवा, त्यात गुगल खातं जोडू नका, आणि व्हीपीएन फक्त तिथे टाका. एका प्रोफाइलमधल्या एक्स्टेंशनला दुसऱ्या प्रोफाइलची पानं आणि कुकीज दिसत नाहीत. परदेशी साइट पाहायची तेव्हा ते प्रोफाइल, बाकी सगळं काम नेहमीच्या प्रोफाइलमध्ये. खातं न जोडण्याला कारण आहे. सिंक (एकाच खात्याच्या सगळ्या मशीनवर सारखं ठेवणारी सोय) चालू असेल तर एक्स्टेंशनंही सिंक होतात. घरी नाशिकरोडला लॅपटॉपवर मुलानं तुमच्या खात्यात काही टाकलं, की सकाळी ऑफिसच्या मशीनवर ते हजर. ऑफिसात कोणीच काही टाकलेलं नसताना एक्स्टेंशन सापडतं, तेव्हा मी आधी सिंकच तपासतो.

तुमच्या मालकांनी एक काम जरूर करून घ्यावं. विंडोजवर क्रोमसाठी धोरण लावता येतं, त्यासाठी मोठा सर्व्हर किंवा महागडं लायसन्स लागत नाही. सगळी एक्स्टेंशनं बंद, आणि गरजेची दोन-चारच यादीत मंजूर, असं ठरवता येतं. त्याहून बारीक सोयही आहे: ठरावीक साइट्सवर कोणत्याही एक्स्टेंशननं चालायचंच नाही, असं सांगता येतं. बँका, जीएसटी पोर्टल, कस्टम्सचं आइसगेट, द्राक्ष निर्यातीसाठीचं अपेडाचं ग्रेपनेट आणि ऑफिसचं वेबमेल त्या यादीत घातलं, तर एखादं एक्स्टेंशन उद्या बिघडलं तरी तिथल्या पानांना हात लावू शकणार नाही. कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या तुमच्या माणसाला ‘क्रोम एक्स्टेंशन सेटिंग्ज पॉलिसी’ एवढं सांगितलं तरी तो शोधून काढेल.

आता तुमच्या मशीनवर जे आधीच बसलंय त्याचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून घाईत पासवर्ड बदलायला बसू नका. एक्स्टेंशन आत असताना पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्डही त्याच्या नजरेसमोरच टाइप होतो. आधी एक्स्टेंशन काढा. नुसतं बंद करून ठेवू नका, काढून टाका, आणि तेच गुगल खातं असलेल्या बाकीच्या कॉम्प्युटरवरही पाहा. स्टोअरमधून एखादं एक्स्टेंशन हटवलं गेलं म्हणजे तुमच्या मशीनमधून ते निघालंच, असं धरू नका. मग मेल, बँक आणि सगळ्या पोर्टलवर ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, म्हणजे चोरलेली कुकी असेल तर ती निकामी होईल. त्यानंतर पासवर्ड बदला, दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू करा. तुमचं एक्स्टेंशन वाईटच होतं असं मी नाव न पाहता म्हणू शकत नाही. पण निर्यातीच्या ऑफिसात हे केल्याशिवाय झोपू नये.

मेलमध्ये एक गोष्ट विशेष पाहा. सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ असे भाग असतात. तुम्ही न बनवलेला फिल्टर तिथे असेल, उदाहरणार्थ आयातदाराचं नाव आलेली मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा, तर कोणीतरी आत येऊन गेलंय. पैसे वळवणारे हाच डाव खेळतात: खऱ्या ग्राहकाची मेल तुमच्यापासून लपवायची आणि तुमच्या नावानं त्याला नवा खाते क्रमांक कळवायचा. तुमच्या डच, जर्मन, इंग्रज ग्राहकांना आजच कळवून ठेवा की बँक खातं बदलल्याची मेल आली तर ओळखीच्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे गेल्याचं कळलं तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला सांगा, मग शहर सायबर पोलीस ठाण्यात जा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता आलं तर पैसे परत मिळण्याची शक्यता राहते.

मालकांचा कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. भारतात व्हीपीएन वापरणं हाच सरसकट गुन्हा नाही. त्यातून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं जे निर्देश काढले, ते सेवा देणाऱ्यांसाठी होते. ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते ही माहिती त्यांनी पाच वर्षं ठेवायची. म्हणूनच त्या वर्षी एक्स्प्रेस व्हीपीएन, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पण पत्ता नसलेल्या परदेशी एक्स्टेंशनवाल्याला त्या कायद्याखाली तुम्ही कुठे शोधणार? म्हणून मालकांना सांगा, कायद्याची भीती नको, माहितीची काळजी हवी.

राहिलं ते डच पोर्टल. रेसिड्यू रिपोर्ट (मालातल्या औषधांच्या अंशांचा तपासणी अहवाल) आणि शिपमेंटचे कागद तिथेच चढवायचे असतील, तर फुकटच्या व्हीपीएनमधून हे काम करणं मुळातच चुकीचं. तोच सर्व्हर जगभरातले हजारो लोक वापरतात, त्यांतल्या कोणी गैरवापर केला तर पोर्टल तो आयपी बंद करतं आणि तुम्ही ऐन सीझनमध्ये बाहेर. आयातदाराच्या आयटी विभागाला मेल करा की आमचं ऑफिस भारतात आहे, आमच्या स्थिर आयपी पत्त्याला परवानगी द्या. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर आयपी थोडे जास्त पैसे देऊन मिळतो. तोवर आयातदारानंच आपल्या कंपनीचं व्हीपीएन खातं दिलं तर ते वापरा, कारण त्याची जबाबदारी तो स्वतः घेतो. मेल कशी लिहायची यात अडलात, किंवा तुमच्या एक्स्टेंशनचं नाव आणि मॅनिफेस्टमधली परवानग्यांची यादी पाठवलीत, तर मी पाहून सांगेन. यादी पाठवताना स्क्रीनशॉटमध्ये बँकेचा किंवा मेलचा टॅब उघडा नाही ना, एवढं बघा.